लेस बॉबिन्सचा रिव्ह्यू: मणी छानच आहेत, पण आधी मान बघा

पिलो लेस, म्हणजे उशीवर पिना टोचून बॉबिन नावाच्या धागा गुंडाळलेल्या काड्यांनी विणायची जाळी, शिकायला घेतलेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न हाच असतो की बॉबिन्स कुठल्या घेऊ, आणि मग तिला फोटो दिसतात ते सगळे सजवलेल्या बॉबिन्सचे, खाली रंगीत मण्यांचं कडं, दांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, बघताक्षणी घ्यावंसं वाटेल असं. घ्याच, मी नको म्हणणार नाही, माझा स्वतःचा जीव आहे त्यांच्यावर. माझ्या उशीवर सध्या प्लॅस्टिकच्या, साध्या लाकडी, हाताने कातलेल्या आणि एक हाडाची जोडी अशा सगळ्या एकत्र नांदतायत, आणि रोजच्या वापरातून माझं मत पक्कं झालंय की बॉबिनची सजावट ही तिच्या कामाचाच भाग आहे. चांगला मणी वजन देतो, ओळख देतो, बॉबिनला जागच्या जागी ठेवतो. वाईट सजावट धागा तोडते. हा रिव्ह्यू त्याच नजरेने लिहितेय.

(शिलाई मशीनमधली चकतीसारखी बॉबिन वेगळी. इथे जिच्याबद्दल बोलतेय ती साधारण 10 सेंटिमीटर लांबीची बारीक काडी.)

रचना आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वरती डोकं, त्याखाली मान जिथे धागा गुंडाळला जातो, मग दांडा जो आपण हातात धरतो. बॉबिन्स नेहमी जोडीनेच, एकाच अखंड धाग्याची दोन टोकं दोघींवर गुंडाळायची म्हणजे सुरुवातीला गाठ येत नाही, आणि काम एका वेळी दोन जोड्यांनी म्हणजे चार बॉबिन्सनी चालतं. मधल्या दोघींमधली डावी उजवीवरून टाकली की क्रॉस, प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून टाकली की ट्विस्ट, आणि अख्खी लेस याच दोन हालचालींवर उभी आहे. बाकीच्या जोड्या उशीवर पसरून आपापल्या पाळीची वाट बघतात. छोट्या बुकमार्कला पंधरा-वीस जोड्या पुरतात, रुंद आणि बारीक नक्षीला शंभराच्या पुढे सहज जातं. आता विचार करा, शंभर जोड्यांमधली प्रत्येक बॉबिन थोडी थोडी गडगडायला लागली तर काय होईल.

तर आधी मान. सेट हातात आला की रंग, मणी, पॉलिश सगळं बाजूला ठेवून मी मानेभोवती कापसाचा छोटा बोळा फिरवते, एक जरी तंतू अडकला तरी तिथे खरखर आहे समजायचं, कारण जिथे कापूस अडकतो तिथे बारीक लेसचा धागा अडकणारच. डोक्याच्या कडेलाही तसंच. धागा सुटू नये म्हणून डोक्याजवळ एक फास टाकतात, तो फास तिथे नीट बसायला हवा आणि बॉबिन फिरवून धागा वाढवायचा झाला की हलकेच सरकायलाही हवा. फासाची ही खाच फार उथळ असेल तर बॉबिन आपोआप खाली उतरत जाते, काम सोडून पुन्हा पुन्हा धागा गुंडाळत बसावं लागतं, याच्याइतका वैताग दुसरा नाही. इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स पद्धतीच्या बॉबिन्सना दोन माना असतात, वरची छोटी फासासाठी आणि खालची लांब धाग्यासाठी, युरोपातल्या बऱ्याच प्रकारांना एकच असते. दोन्ही चालतात, फक्त कातकाम स्वच्छ हवं.

प्लॅस्टिकच्या सेटबद्दल लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडणार. हलक्या असतात, सगळ्या अगदी एकसारख्या असतात, ओल्या झाल्या तरी काही बिघडत नाही, आणि हा छंद आपल्याला जमतोय का हे बघायला तेवढ्या पुरे. तोटा म्हणजे साच्याची शिवण, दांड्याच्या दोन्ही बाजूंनी एक बारीक उंचवटा येतो आणि तो मानेवरही असतो, बारीक पॉलिश पेपरने घासून काढला की काम झालं. पण मणी लावल्याशिवाय या बॉबिन्स उशीवर स्थिर राहत नाहीत, धाग्यावर ताणच येत नाही, आणि नवशिकीला वाटतं आपला हात ढिला आहे. हात नाही हो ढिला, बॉबिनला वजन नाहीये.

साध्या लाकडी सेटमध्ये मात्र दर्जाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे. एका दुकानाकडून मागवलेला सेट फोटोत इतका चकचकीत होता आणि आला तो जाड वॉर्निशचा थर घेऊन, दोन माना तर वॉर्निशनेच भरून गेलेल्या, वास जाता जाईना आणि हात जरा घामेजला की बोटांना चिकटायच्या. दुकानाला कळवलं तर उत्तर आलं की फिनिश असंच असतं. तसं नसतं. चांगला कारागीर लेथवर असतानाच बारीक घासून त्यावर मेण किंवा तेलाचं पातळ बोट फिरवतो, बस, पुढचं पॉलिश आपल्या हातानेच वर्षानुवर्षं चढत जातं. लाकूड घट्ट आणि बारीक रेषेचं हवं, बॉक्सवुड, प्लम, चेरी, सफरचंद, मेपल ही सगळी उत्तम, मऊ लाकडाची मान इतकी बारीक कातताच येत नाही, कातली तरी मोडते. रोझवूड दिसायला अप्रतिम पण डाल्बर्जिया जातीच्या या लाकडांवर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, त्यामुळे दुसऱ्या देशातून मागवत असाल तर विक्रेत्याला आधी विचारा.

आणि आता मुख्य गोष्ट जी विक्रेते सांगत नाहीत. बॉबिन लेसवर ठरते, आवडीवर नंतर. टॉर्शन, बकिंगहॅमशायर, बेडफर्डशायर या लेससाठी मण्यांच्या बॉबिन्स अगदी योग्य, कारण यात जोड्या सपाट उशीवर पसरलेल्या असतात. पण हॉनिटन शिकायची असेल तर मणी विसरा. हॉनिटन लेसचे छोटे छोटे तुकडे वेगवेगळे विणून मग जोडतात, जोडताना आधी झालेल्या कामाच्या भोकातून धाग्याचा फास वर ओढायचा आणि त्या फासातून दुसरी बॉबिन आरपार काढायची, मणी असतील तर तिथेच अडकून बसेल. म्हणून ती बॉबिन गुळगुळीत, हलकी आणि टोकाला निमुळती. राणी व्हिक्टोरियाच्या 1840 च्या लग्नातली लेस इंग्लंडच्या डेव्हनमधल्या बिअर गावात आणि आसपास याच पद्धतीने झाली होती. तिथल्या बॉबिन्सवर सजावट नव्हती असं मात्र नाही हं, लाकडात बारीक रेघा कोरून त्यात लाल-काळा रंग भरायचे, मासे, जहाजं, समुद्रकाठचीच चित्रं, म्हणजे हाताला काहीच लागत नाही आणि डोळ्याला सगळं दिसतं. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते.

बेल्जियमकडच्या बॉबिन्स खाली फुगीर असतात, वजन लाकडातच, मणी लागतच नाहीत. जर्मनीच्या एर्झगेबिर्गे भागात गुंडाळलेल्या धाग्यावर लाकडी टोपण बसवतात म्हणजे धागा मळत नाही, पांढरी लेस करणाऱ्यांनी हा प्रकार एकदा तरी हाताळून बघावा. रशियातल्या वोलोग्दाच्या जाड, गुळगुळीत बॉबिन्स गोल लोडासारख्या उशीवर लटकून काम करतात आणि त्यांचा खटखट आवाज काय सुंदर येतो. स्लोव्हेनियातली बॉबिन लेस तर 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, क्रोएशियातलं लेसकाम त्याआधीच 2009 मध्ये. प्रत्येक ठिकाणची बॉबिन तिथल्या उशीच्या आकाराला आणि हात धरायच्या पद्धतीला धरून घडलीये, तळवा वर की तळवा खाली, उशी सपाट की लोडासारखी. म्हणून ‘सर्व लेससाठी योग्य’ असं ज्या सेटवर लिहिलंय त्याच्यापासून जरा लांबच राहा.

आता मण्यांचं कडं, ज्याला स्पँगल म्हणतात. हे ईस्ट मिडलँड्सचं खास वैशिष्ट्य. दांड्याच्या तळाला आडवं भोक, त्यातून तार, आणि तारेत मणी, नेहमीची मांडणी म्हणजे दोन्ही बाजूंना तीन तीन छोटे आणि खाली मधोमध एक मोठा, एकूण सात. जुन्या बॉबिन्सवरचे छोटे मणी चौकोनी असतात, काच गरम असतानाच चारही बाजूंनी दाबलेली, जवळून बघितलं तर पृष्ठभागावर कानशीच्या दातांच्या बारीक रेघा उमटलेल्या दिसतात, गुलाबी, पांढऱ्या, फिकट लाल रंगाच्या काचेत त्या रेघांवर उजेड पडला की मी काम थांबवून बघत बसते. पण मुद्दा सौंदर्यापुरता नाहीये, चौकोनी मणी गडगडत नाही! गोल गुळगुळीत मण्यांचं कडं उशीच्या उतारावर हळूच फिरतं, बॉबिन फिरली की धाग्याचा पीळ सुटतो किंवा जास्त चढतो, आणि पीळ सुटलेला धागा तुटतोच. म्हणून कडं घरी करायचं असेल तर चौकोनी, पैलूदार किंवा खडबडीत मणी घ्या, गोल फक्त खालचा मोठा एक.

किट विकत मिळतं, एक मी घेतलं होतं, त्यातले मणी छान होते पण तार फारच मऊ होती, दोनदा वाकवली की तुटायची. पितळी तार 0.4 ते 0.5 मिलिमीटर जाडीची वेगळी घ्या. सगळे मणी ओवा, एक टोक बॉबिनच्या भोकातून काढा, दोन्ही टोकांना एकमेकांभोवती दोन-तीन पीळ द्या, आणि मग उरलेलं टोक कापून टाकायच्या आधी शेजारच्या मण्याच्या भोकात आत सारा, हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, तिथे तारेचं टोक बाहेर राहिलं तर शेजारच्या धाग्याला ओरबाडणार. कडं फार घट्टही नको, ते भोकात मोकळं झुलायला हवं, ताठ उभं राहिलं तर बॉबिन कलंडते. आणि सगळ्यात आधी एक बघा, मण्याचं भोक तारेपेक्षा जरा मोठं आहे ना, कारण टोक आत सारताना तिथे तार दुहेरी होते आणि घाईत जोर लावला की काच तडकते.

वजनाचं गणित धाग्यावर. बारीक कॉटनच्या धाग्याला जड काचेचं मोठं कडं लावलं की धागा आधी ताणतो मग तुटतो, उलट जाड लिननला हलकी बॉबिन लावली तर टाके ढिले पडतात, जाळी लोंबकळते. बारीक कामाच्या बॉबिन्सना मी छोटे मणी लावलेत, टॉर्शनच्या बॉबिन्सना मोठे. एका कामावरच्या सगळ्या बॉबिन्स साधारण एका वजनाच्या हव्यात, रंग हवे तेवढे वेगळे चालतील.

आणि रंग वेगळे असावेतच! सेट विकणारे लोक चाळीस बॉबिन्सना एकच मणी लावून देतात, फोटोत छान दिसतं, उशीवर नुसता गोंधळ. लेसमध्ये एक वर्कर जोडी असते जी इकडून तिकडे सतत प्रवास करते, बाकीच्या पॅसिव्ह जोड्या उभ्या लटकत राहतात. वर्कर जोडीला लाल मणी लावा, किंवा गडद लाकडाची जोडी वर्करसाठी ठेवा, म्हणजे फोन आला, उठून गेलात, परत येऊन बसलात की काम कुठे थांबलंय ते नजर टाकताच कळतं. टाका चुकला आणि उसवायचा झाला तर ‘निळ्या मण्याची जोडी हिरवीच्या डावीकडे होती’ हे लक्षात राहतं, ‘सतरावी जोडी अठरावीच्या डावीकडे होती’ हे नाही राहत. नक्षीच्या कडेने जाड धागा फिरवतात त्यालाही वेगळी जाड, आखूड बॉबिन वापरायची जुनी रीत आहे, बकिंगहॅमशायरच्या लेसवाल्या तिला थम्पर म्हणायच्या. माझ्या मते सजावटीचं हे सगळ्यात मोठं काम आहे आणि त्यासाठीच बॉबिन्स दोन-दोन जोड्या वेगवेगळ्या जमवत जाव्यात, एकगठ्ठा सेट फक्त पहिल्यांदा.

हाताने कातलेल्या, नावं कोरलेल्या बॉबिन्सवर मी बराच वेळ घालवलाय. 19व्या शतकातले ईस्ट मिडलँड्सचे कारागीर हाडावर किंवा लाकडावर बारीक ठिपके पाडायचे, ठिपक्यांतून अक्षरं आणि त्यात लाल, निळा रंग भरायचा, ओळ दांड्याभोवती वर चढत जाते किंवा सरळ उभी. त्यावर काय नव्हतं, प्रियकराचं नाव, बाळाचा जन्म, कुणाचा मृत्यू, ‘मला लवकर मुका दे’ अशा ओळी, आणि चक्क फाशीच्या नोंदी. बेडफर्डला 1860 मध्ये फाशी गेलेल्या जोसेफ कॅसलचं आणि 1868 मध्ये गेलेल्या विल्यम वर्सलीचं नाव असलेल्या बॉबिन्स आजही संग्रहांमध्ये आहेत. गावात जे जे घडलं ते लेस करणाऱ्या बाईच्या बोटांखाली रोज फिरत होतं, ज्यांची पत्रं-बित्रं काही मागे उरली नाहीत अशा कित्येक बायकांची नावं फक्त या काड्यांवर राहिलीयेत. मला हे फार मोलाचं वाटतं.

मी एका कारागिराकडून देवनागरीत नाव कोरून घेतलं. आधीच सांगते, ठिपक्यांत देवनागरी अवघड आहे. दांड्याची जाडी जेमतेम 5 मिलिमीटर, म्हणजे घेर 16 मिलिमीटरच्या आसपास, त्यातला एका वेळी डोळ्यांसमोर येतो तो अर्धाही नाही. रोमन अक्षर मोजक्या ठिपक्यांच्या उंचीत बसतं, आपल्याला वर शिरोरेषा, त्यावर वेलांटी नाहीतर मात्रा, खाली उकार, एवढं सगळं त्यात बसवायचं. जोडाक्षरं असलेलं नाव तर ठिपक्यांचा नुसता सडा होऊन जातं. उपाय निघाला तो असा की ओळ दांड्याच्या लांबीने उभी घ्यायची, शिरोरेषेच्या जागी ठिपक्यांऐवजी एक अखंड बारीक रेघ कोरायची आणि फक्त अक्षरं ठिपक्यांची, मग वाचता येतं. कारागिराला देवनागरी येत नसेल तर नाव मोठ्या अक्षरात काढून, ठिपके स्वतः मांडून कागद पाठवा, फॉन्टमधलं नाव टाइप करून पाठवलं तर तो बिचारा काय करणार. ठिपके खोल नकोत आणि रंग भरल्यावर पृष्ठभाग पुन्हा सपाट घासलेला हवा, माझ्या जोडीत तो इतका सुरेख आलाय की डोळे मिटून बोट फिरवलं तर नाव हाताला लागतसुद्धा नाही. पाचपैकी पाच.

बाकी पारंपरिक नमुन्यांमध्ये लेपर्ड म्हणजे प्युटर धातूचे ठिपके बसवलेली, टायगर म्हणजे त्याचेच आडवे पट्टे, आणि बटरफ्लाय म्हणजे पंखांच्या आकाराचे तुकडे. नवीन घ्यायच्या असतील तर टायगर घ्या, पट्टे दांड्याला पूर्ण वेढतात म्हणून घट्ट राहतात. जुन्या बॉबिन्समधलं प्युटर बरेचदा गळून पडलेलं असतं, विकत घेताना खाचा रिकाम्या आहेत का ते बघा. वेगळ्या रंगाच्या लाकडाचे तुकडे बसवलेल्याही असतात आणि त्या वापरायला सगळ्यात सुखाच्या. पितळी तार गुंडाळलेल्या दिसायला राजेशाही, पण तारेचं टोक कुठे संपतं ते नखाने तपासा. ‘मदर अँड बेब’ मध्ये दांडा पोखरून खिडक्या पाडतात आणि आत एवढीशी बॉबिन हलत असते, ‘काऊ इन काफ’ मध्ये दांडा ओढला की दोन तुकडे होतात आणि आत छोटी बॉबिन निघते. कारागिरी थक्क करणारी, पण खिडक्यांच्या कडांत शेजारचा धागा जातो आणि जोड सैल झाला की काम चालू असताना अर्धा दांडा हातात येतो. या दोन्ही मी पिन मारून उशीच्या कडेला ठेवते, रोजच्या कामाला घेत नाही.

घरी रंगवणाऱ्यांसाठी थोडंसं. साध्या लाकडी बॉबिन्स घ्या, वॉर्निश नसलेल्या, आणि फक्त दांडा रंगवा, मानेला रंगाचा थेंबसुद्धा नको कारण रंग धाग्याला लागतो आणि पांढऱ्या लेसवर लागलेला रंग निघत नाही. अॅक्रिलिक चालतो पण पातळ दोन हात द्या आणि पूर्ण वाळल्यावर मेण, पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा, फडकं स्वच्छ राहिलं तरच उशीवर घ्या. जाळून नक्षी काढायची पद्धत मला रंगापेक्षा जास्त आवडते, त्यात वर काही चढत नाही. चिकटवलेले खडे, चमकी, रेझिनचे उंचवटे हे सगळं टाळा, सुंदर दिसतं पण ट्विस्ट करताना दोन दांडे एकमेकांना घासतात आणि खडा पहिल्याच आठवड्यात उशीखाली सापडतो.

हाडाच्या जोडीबद्दल विचारतात बऱ्याच जणी. वजन बेताचं, स्पर्श थंड आणि इतका गुळगुळीत की लाकूड त्याच्यापुढे खरखरीत वाटावं, धागा अजिबात धरत नाही. जुनी वस्तू म्हणून घेत असाल तर भिंगाखाली बघा, हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, ते नसतील तर हस्तिदंत किंवा प्लॅस्टिक असू शकतं, आणि हस्तिदंताचा व्यवहार ब्रिटनमध्ये 2018 च्या कायद्याने जवळपास बंदच झालाय, त्या भानगडीत पडू नका. हाड पाण्यात भिजवू नका, उन्हात ठेवू नका, पडलं तर मानेपाशी तुटतं. माझी जोडी मी मऊ कापडाच्या खणांच्या गुंडाळीत ठेवते, प्रत्येकीला वेगळा खण, म्हणजे एकीचे मणी दुसरीच्या मानेवर आपटत नाहीत. ही गुंडाळी जुन्या चादरीतून घरी शिवता येते, विकतच्या बहुतेकींचे खण ईस्ट मिडलँड्सच्या मण्यांसाठी अरुंद पडतात, घ्यायच्या आधी एक बॉबिन कड्यासकट आत घालून बघा.